झोप किती झाली, हे पाचव्या पहाटेपर्यंत कोणी विचारलंच नाही: मिश्र ध्यानशिबिरातलं एक प्रकरण

(ओळख पटू शकेल असे तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

सह्याद्रीत धरणाकाठी भाड्याने घेतलेलं एक निवासी केंद्र. ऑगस्टचा पाऊस, सात दिवसांचं मौन, 22 शिबिरार्थी. चीनमधल्या ताओ परंपरेतलं उभं ध्यान आणि ऊर्जा फिरवण्याची साधना, हठयोगातला प्राणायाम, बौद्ध परंपरेतलं आनापान (येणारा-जाणारा श्वास पाहणं) आणि अंगावरच्या संवेदना पाहणं, असं सगळं एका आठवड्यात बसवलेलं. प्रशिक्षक तीन, आणि आपापल्या विषयात प्रत्येकजण दहा वर्षांहून जास्त मुरलेला. यात भोंदू कोणी नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. असं काही ऐकलं की पहिला संशय तिकडेच जातो आणि मग खरी चूक नजरेतून सुटते.

मिश्रण ही काही नवी गोष्ट नाही. बाराव्या शतकात वांग चोंगयांगने चीनमध्ये छ्वानझेन पंथ उभा केला, तेव्हा ताओ साधनेत बौद्ध ध्यान आणि कन्फ्यूशियसचा आचार दोन्ही आणले. आपल्याकडे नाथांचा योग आणि वारकऱ्यांची भक्ती ज्ञानदेवांच्या घरातच एकत्र नांदली. उलट, इगतपुरीच्या धम्मगिरीत आणि गोएंका परंपरेच्या इतर विपश्यना केंद्रांवर दहा दिवस बाकी सगळ्या साधना बाजूला ठेवायला सांगतात. अनेकांना तो हट्ट वाटतो. पण त्यात एक सोय आहे: काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं, हे शोधायला जागा कमी उरते. इथे ती सोय नव्हती.

ज्याच्याबद्दल ही नोंद आहे तो 34 वर्षांचा, संगणक क्षेत्रात काम करणारा, अविवाहित. आधी दोन वर्षं घरी रोज अर्धा तास आनापान करत असे. निवासी शिबिर पहिलंच.

वेळापत्रक आणि मात्रा

साडेचारला उठणं. पाच वाजता उभं ध्यान, म्हणजे झान झुआंग: पाय खांद्याइतके फाकवून, गुडघे किंचित सैल, हात झाडाला मिठी मारल्यासारखे. पहिल्या दिवशी 20 मिनिटं, चौथ्या दिवशी 40. मग आसनं आणि 35 मिनिटं प्राणायाम. नाश्त्यानंतर आठ ते अकरा आनापान, मधे अर्धा तास चालणं. साडेअकराला जेवण. दुपारी दोन ते तीन ‘श्याओ झोउ तिएन’, म्हणजे छोटी प्रदक्षिणा: लक्षाच्या जोरावर ऊर्जा माकडहाडापासून कण्यातून डोक्यापर्यंत चढवायची आणि कपाळ, जीभ, छाती या वाटेने नाभीखाली उतरवायची. साडेतीनला ग्रीन टी, हवा तितका. चार ते सहा संवेदना पाहण्याच्या बैठका. सहाला फळं आणि मुरमुरे, रात्रीचं जेवण नाही. सात ते आठ प्रवचन, आणि आठ ते पाऊण नऊ भस्त्रिका (भात्यासारखा जोराने, भराभर श्वास), कुंभक (श्वास रोखणं) आणि छोटी प्रदक्षिणा सलग. साडेनऊला दिवे बंद.

रात्री आठला भस्त्रिका कशाला, हा प्रश्न कुणालाही पडेल. प्रवचनात निम्मी मंडळी डुलक्या काढत होती, म्हणून. आयोजकांनी पेंग उडवायला ती तिथे घातली, आणि पेंग खरंच उडाली.

आता बेरीज करू. चौथ्या दिवशी साधनेची वेळ 450 मिनिटं, म्हणजे साडेसात तास. ध्यानशिबिराच्या हिशेबात हे फार नाही. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात याहून जास्त बसतात. पण भस्त्रिकेचे ठोके, म्हणजे श्वासाचे जोरकस हिसके, बघा: पहिल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ तीन-तीन आवर्तनं, दर आवर्तनाला 30, म्हणजे 180. चौथ्या दिवशी आवर्तनाला 60, म्हणजे 360. योगाच्या प्रशिक्षकाने आपल्या नेहमीच्या वर्गाप्रमाणे मात्रा वाढवली. ताओच्या प्रशिक्षकाने उभं राहण्याची वेळ वाढवली, तीही नेहमीप्रमाणेच. बौद्ध साधना घेणाऱ्यांनी तिसऱ्या दिवसापासून तासभर न हलता बसण्याचा संकल्प दिला. चढण प्रत्येकाची आपापल्या जागी बरोबर होती. तिन्हींची बेरीज कुणाच्याच कागदावर नव्हती.

दुसरी अडचण सूचनांची. समजा, कानशिलापाशी ठणका उठला. दुपारच्या तासाला सांगितलं जायचं, लक्ष देऊन तो खाली नाभीकडे ने. चारच्या बैठकीत, त्याला हात लावू नकोस, ये-जा फक्त बघ. रात्री आठला, मूलबंध लावून (गुदद्वाराचे स्नायू आत ओढून धरून) श्वास रोख आणि ऊर्जा वर स्थिर कर. अनुभवी साधक दार बदलल्यासारखं हे बदलू शकतो. नवखा माणूस तिन्ही गोष्टी एकदमच करतो, बहुतेक वेळा नकळत.

काय घडलं

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भस्त्रिकेनंतर त्याच्या ओठांभोवती मुंग्या आल्या आणि हाताची बोटं आपोआप आत वळली. जोराने, भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, रक्त अल्कधर्मी होतं, स्नायू आखडतात आणि मेंदूकडच्या वाहिन्या आकसल्याने डोकं हलकं वाटतं. योग प्रशिक्षकाने हे लगेच ओळखलं, संथ श्वास घ्यायला लावला, आणि पाच मिनिटांत बोटं सुटली. हाताळणी चोख होती. पण त्याची कुठेच नोंद झाली नाही, म्हणून बाकी दोघांना पत्ता लागला नाही.

त्याच रात्री प्रवचन लांबलं आणि छोट्या प्रदक्षिणेचा शेवटचा भाग एका मिनिटात उरकला. या भागाला ‘शौ गोंग’ म्हणतात, म्हणजे काम आवरणं: दोन्ही तळवे नाभीवर ठेवून बाहेरच्या दिशेने 36 आणि आतल्या दिशेने 24 फेरे, मग काही वेळ नुसतं शांत बसणं. सात-आठ मिनिटं लागतात. ते गाळलं की दिवसभर वर नेलेलं लक्ष वरच राहतं. ऊर्जा मानायची की नाही, हा वाद बाजूला ठेवू. 40 मिनिटं टाळूवर लक्ष एकवटून माणूस लगेच गादीवर पडला, तर तो डोक्यातच जागा राहणार, एवढं तर दोन्ही बाजू मान्य करतील.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने चिठ्ठी दिली: मागच्या बाजूने डोकं जड, मान वळवली की विजेचा झटका बसल्यासारखं सर्रकन काहीतरी जातं, झोप कमी. चिठ्ठी ताओ प्रशिक्षकाकडे गेली. त्या परंपरेत कण्यावर तीन दारं मानतात, माकडहाडापाशी, पाठीच्या मध्यावर आणि कवटीच्या मागे. तिसऱ्याचं नाव ‘यु झेन’, जेड दगडाची उशी, आणि ऊर्जा तिथे अडते असं समजलं जातं. प्रशिक्षकाने तेच निदान केलं आणि दार मोकळं करायला रात्री आणखी अर्धा तास प्रदक्षिणा करायला सांगितलं. शिबिरार्थीने ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचलेला होता. त्यातलं कुंडलिनीचं वर्णन त्याने आपल्या झटक्यांना लावलं आणि घाबरायच्या ऐवजी तो हरखला. त्या रात्री जेमतेम दोन तास झोप झाली.

पाचव्या दिवशी पहाटे चारला तो व्हरांड्यात अनवाणी फेऱ्या मारताना दिसला. डोळे तांबारलेले, हात थरथरत, बोलणं भराभर. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सेविका पूर्वी परिचारिका होत्या. मौन बाजूला ठेवून त्यांनी त्याला ओट्यावर बसवलं, हातात कोमट पाण्याचा पेला दिला आणि दोनच गोष्टी विचारल्या. “दादा, गेल्या चार रात्रींत झोप किती झाली? आणि घरी कुठली गोळी चालू असते?”

झोप: सहा, पाच, चार, दोन. गोळी: एसिटॅलोप्राम 10 मिलिग्रॅम, चिंतेसाठी, 14 महिन्यांपासून. शेवटची गोळी शिबिराला येण्याच्या आदल्या रात्री. “रिकामं, स्वच्छ होऊन यायचं होतं.” प्रवेशअर्जात ‘काही आजार आहे का?’ या प्रश्नापुढे त्याने ‘नाही’ लिहिलं होतं, आणि त्याच्या दृष्टीने ते खोटं नव्हतं. गोळी घेतल्यामुळे बरंच होतं की.

या एका उत्तराने चित्र पालटलं. ही गोळी साधारण सव्वा दिवसात रक्तात निम्मी होते. एकदम थांबवली की दोन-चार दिवसांत चक्कर, झोप उडणं, चिडचिड आणि डोक्यात विजेचे झटके, हे सगळं ओळखीचं आहे. मानसोपचारतज्ज्ञ रोज ऐकतात. जेडच्या उशीपाशी काही अडलं असेल-नसेल, झटक्यांचं साधं कारण औषधाच्या पाकिटात होतं. त्यावर अपुरी झोप, दिवसाला 360 ठोके, रिकामं पोट आणि चार कप ग्रीन टी.

कोणते पर्याय होते

साडेपाचला तिघे प्रशिक्षक आणि व्यवस्थापक बसले. एक मत असं की हे शुद्धीकरण आहे, बसू द्यावं, निघून जाईल. ते दहा मिनिटांत मागे पडलं, कारण परंपराच त्याच्या विरोधात साक्ष देतात. हठयोगप्रदीपिका म्हणते, सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू. नाहीतर तो साधकालाच मारतो. चिनी लोकांकडे यासाठी ‘झोउ हुओ रू मो’ असा शब्दच आहे: आग भरकटली, सैतान शिरला. जपानचा झेन गुरू हाकुइन (1686–1769) तरुणपणी अशाच ध्यानाच्या आजाराने खंगला आणि डोक्यावर ठेवलेला लोण्यासारखा गोळा वितळत पायांपर्यंत उतरतोय, या कल्पनेने सावरला असं त्यानेच लिहून ठेवलंय. तिबेटी वैद्यकात वायू बिघडला की गरम, स्निग्ध, जड अन्न आणि जिवलगांची संगत सांगतात. आणखी बस, असं कोणीच सांगत नाही.

दुसरा पर्याय: प्राणायाम आणि प्रदक्षिणा बंद, शांत बैठका चालू. ऐकायला समतोल वाटतो. पण डोळे मिटून संवेदना पाहायच्या म्हणजे त्याच झटक्यांवर भिंग धरायचं. तिसरा: टॅक्सीत बसवून घरी पाठवणं. दोन रात्री धड न झोपलेला, थरथरणारा माणूस घाटात एकटा, नाकारला. चौथा: लगेच रुग्णालय. ग्रामीण रुग्णालय 50 मिनिटांवर, मानसोपचार विभाग असलेलं दोन तासांवर. पाचवा: सगळं ध्यान थांबवायचं, सोबत एक माणूस द्यायचा, घरच्यांना आणि त्याच्या डॉक्टरांना फोन करायचा आणि तोवर बारकाईने बघत राहायचं.

पाचवा ठरला, पण अटी लिहून. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, न दिसणारं दिसणं किंवा आवाज ऐकू येणं, माणसं न ओळखणं, पाणी नाकारणं, आकडी, छातीत दुखणं, यातलं एकही दिसलं तर थेट 108. आणि काहीही न दिसता फरक पडला नाही, तरी दुपारी चारला निघायचं, कारण पावसाळ्यात अंधार पडल्यावर त्या घाटात दरड कुठे आडवी असेल सांगता येत नाही. गाडी टाकी भरून, तोंड फाटकाकडे करून उभी केली.

काय केलं

फोन त्याला परत दिला. मोठा भाऊ पुण्याहून निघाला. साडेनऊला डॉक्टर फोनवर मिळाले. त्यांनी गोळी सुरू करा असं लगेच म्हटलं नाही. आधी शिबिरार्थीशी बोलले. पूर्वी कधी दिवसेंदिवस कमी झोपूनही ताजंतवानं वाटलंय का? अफाट खर्च, अफाट बेत? घरात कुणाला द्विध्रुवी (बायपोलर) आजार? आता झोपावंसं वाटतंय का? या प्रश्नांना वजन आहे. उन्मादाची (मॅनियाची) सुरुवात असती तर तीच गोळी आगीत तेल ठरली असती. “डॉक्टर, झोपायचंय हो, पण येतच नाही,” हे त्याचं उत्तर निर्णायक ठरलं. उन्मादात माणसाला झोपेची गरजच वाटत नाही. डॉक्टरांनी आधीच्याच मात्रेत गोळी पुन्हा सुरू करायला आणि परवा भेटायला सांगितलं. एका शिबिरार्थीने मायेने आपली झोपेची गोळी पुढे केली होती. ती घेतली नाही.

बाकीचं सगळं स्वयंपाकघरातून झालं. गरम वरण-भात, वर दोन चमचे तूप, दही. चहा बंद. तळमजल्यावरची खोली, दाराला आतून कडी नाही. गुडघाभर कोमट पाण्यात पाय, 15 मिनिटं. सेवकासोबत 40 मिनिटं चालणं, डोळे उघडे, गप्पा कामाधामाच्या, ध्यानाचा विषय नाही. मग लसूण सोलायला बसवलं. पहिल्या दहा पाकळ्यांना त्याचे हात कापत होते, सालं नखाखाली अडकत होती. वाटीभर लसूण सोलून होईपर्यंत बोलण्याचा वेग निम्म्यावर आला होता.

ताओ प्रशिक्षकाने सुचवलं, तळपायाच्या मध्यावर लक्ष ठेवायला सांगू, ऊर्जा खाली येईल. सूचना वाईट नव्हती, हाकुइनचा उपाय त्याच जातीचा. पण पहिल्या 24 तासांत तंत्र नको असं ठरलं. जो माणूस तंत्रानेच ताणला गेलाय, त्याच्या हातात खाली न्यायचं तंत्र दिलं तरी तो ते ताणूनच करणार.

भाऊ दीडला पोचला. सव्वादोनला हा झोपला. चारची मुदत आली तेव्हा तो घोरत होता. न उठवता थांबायचं ठरलं आणि चालकाला मुक्कामाला ठेवलं.

पुढे काय झालं

पावणेसहाला जाग आली, जेवला, रात्री पुन्हा सहा तास झोपला. सहाव्या दिवशी सकाळी भावाबरोबर घरी गेला, ठरल्याप्रमाणे डॉक्टरांना भेटला. झटके आठवडाभरात गेले. डोळे मिटून बसलं की डोक्याच्या मागचा दाब मात्र जाणवत राहिला, काही आठवडे. सहा आठवड्यांनी डॉक्टरांना सांगून त्याने 15 मिनिटांचं साधं आनापान पुन्हा सुरू केलं. भस्त्रिका आणि प्रदक्षिणा नाही.

पाचव्या दिवशी दुपारी बाकीच्या 21 जणांना झोपेचे तास विचारले. आणखी चौघेजण चार तासांच्या आत होते. दोघांना तर वाटत होतं की प्रगती झाली की झोप कमी लागते. ग्रीन टी त्याच दिवशी बंद झाला, रात्रीची भस्त्रिकाही.

कुठे वेगळं करता आलं असतं

सर्वांत स्वस्त सुधारणा अर्जात होती. ‘आजार आहे का?’ ऐवजी ‘सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि गेल्या तीन महिन्यांत कोणती बंद किंवा कमी केली?’ असा प्रश्न. शिवाय ठळक ओळ: डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतंही औषध थांबवून येऊ नये. त्यानंतर फोनवर 15 मिनिटं, कारण कागदावर ‘नाही’ लिहिणारा माणूस बोलताना ‘तशी एक गोळी आहे म्हणा’ असं सांगतो.

तिसऱ्या दिवशी बोटं वळली, तीच खरी घंटा होती. एक सामाईक वही असती, प्रत्येकापुढे रोजचे झोपेचे तास आणि एक ओळ, तर चौथ्या दिवशी चिठ्ठी वाचणाऱ्याला ‘चार तास’ हा आकडा दिसला असता. पुढच्या शिबिरात वही आली. सलग दोन रात्री पाच तासांच्या आत झोप झाली, तर प्राणायाम आपोआप बंद आणि रात्री जेवण सुरू, प्रशिक्षकाची परवानगी लागत नाही. भस्त्रिका फक्त सकाळी, तीन आवर्तनं, दर आवर्तनाला 20 ठोके, शेवटपर्यंत तेवढेच. प्रवचन लांबलं तर प्रवचन कापायचं, शौ गोंग नाही. आठवड्याची मुख्य साधना एकच, आनापान. बाकी दोन तिच्या सोयीपुरत्या.

चारच्या मुदतीचं काय, यावर एकमत नाही. झोपलेल्या माणसाला उठवून घाटात नेणं चुकीचं ठरलं असतं, असं व्यवस्थापकाचं म्हणणं. सेविकांचं म्हणणं वेगळं: भाऊ दीडला आला तेव्हाच निघायला हवं होतं. झोप गाडीतही लागली असती, आणि रात्री दोनला बिघडला असता तर दरडीपुढे आपण काय केलं असतं? मुदत लिहिली कशासाठी? त्या रात्री पाऊस थांबला होता, एवढंच.

ताओ प्रशिक्षक पुढच्या शिबिरात आला नाही. गोळीचं कारण त्याला मान्य आहे, पण दारही अडलंच होतं, असं तो अजून म्हणतो. उभं ध्यान आता सेविकाच घेतात, 20 मिनिटं, स्वयंपाकघरामागच्या अंगणात.